तारखेच्या भागांवरून नोंदी निवडणे : जँगो ओआरएमचा वापर, सांगलीच्या उदाहरणांसह

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानासाठी हिशेबाची प्रणाली तयार करून दिली, की दुकानदार दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला प्रश्न असा, की गेल्या पाच वर्षांत मार्च महिन्यात हळदीची आवक कशी होती. आणि दुसरा असा, की चालू आर्थिक वर्षात हळदीची उलाढाल किती झाली. दोन्ही प्रश्न तारखेचेच असले तरी त्यांची जात वेगळी आहे. पहिल्या प्रश्नातील मार्च हा दरवर्षी फिरून येणारा भाग आहे, तर दुसऱ्या प्रश्नातील आर्थिक वर्ष हा एकदाच येऊन जाणारा सलग कालखंड आहे. फिरून येणाऱ्या भागासाठी तारखेच्या भागांचे लुकअप, म्हणजे वर्ष, महिना, वार अशा भागावर अट घालण्याच्या सोयी, वापरावेत आणि सलग कालखंडासाठी सुरुवातीची व शेवटची सीमा द्यावी, एवढा एक नियम नीट पाळला तर या कामातील बहुतेक चुका घडतच नाहीत. पुढील सर्व विवेचन या नियमाच्याच आधाराने केले आहे.

उदाहरणे पायथन या संगणकीय भाषेतील जँगो या चौकटीच्या ओआरएमची आहेत; ओआरएम म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यांशी पायथनच्या आज्ञांतून काम करू देणारा भाग. लेखातील आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर टंकताना त्या त्यांच्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने रोमन लिपीत लिहाव्यात आणि आकडेही इंग्रजी घ्यावेत. मॉडेलची व स्तंभांची नावे आपापल्या प्रकल्पात जी असतील ती घालावीत.

आपल्यासमोर दोन मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधील तक्त्यांची वर्णने, आहेत असे समजू. पहिले ‘सौदा’. त्यात माल, पोती, क्विंटल, दर आणि ‘दिनांक’ असे स्तंभ आहेत, आणि दिनांक हा डेटफील्ड प्रकारचा आहे, म्हणजे त्यात केवळ तारीख साठते, वेळ साठत नाही. दुसरे ‘पातळीनोंद’. कृष्णेच्या पाण्याची आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत आणि ती कधी घेतली ती ‘वेळ’, असे त्यातील स्तंभ. यातील वेळ हा डेटटाइमफील्ड प्रकारचा आहे. हा फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा, कारण डेटफील्डचे काम सरळ असते आणि डेटटाइमफील्डच्या कामात घड्याळाचा प्रश्न येतो. आधी सरळ काम पाहू.

वर्ष, महिना, दिवस

स्तंभाच्या नावापुढे दोन अंडरस्कोअर देऊन तारखेचा हवा तो भाग लिहिला, की लुकअप तयार होतो.

सौदा.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(दिनांक__इयर=२०२४)
सौदा.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(दिनांक__मंथ=३)
सौदा.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(दिनांक__इयर=२०२४, दिनांक__मंथ=३)

पहिली आज्ञा २०२४ सालातील सर्व सौदे देते. दुसरी आज्ञा सर्व वर्षांतील मार्च महिन्याचे सौदे देते, केवळ यंदाच्या मार्चचे नव्हे; नवशिक्या विद्यार्थ्यांकडून सर्वांत जास्त वेळा सुटणारा मुद्दा हाच आहे. यंदाचाच मार्च हवा असेल तर तिसऱ्या आज्ञेप्रमाणे वर्षही द्यावे लागते. दिवसासाठी ‘डे’ आणि तिमाहीसाठी ‘क्वार्टर’ असे लुकअप आहेत. या लुकअपना पुढे आणखी तुलना जोडता येते. उदाहरणार्थ, जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांच्या नोंदी दोन तुलनांनी मिळतात, आणि हळदीच्या हंगामातील निवडक महिने ‘इन’ वापरून मिळतात.

सौदा.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(दिनांक__मंथ__जीटीई=६, दिनांक__मंथ__एलटीई=९)
सौदा.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(माल='हळद', दिनांक__मंथ__इन=[२, ३, ४, ५])

यातील ‘जीटीई’ म्हणजे तो आकडा धरून त्यापुढचे आणि ‘एलटीई’ म्हणजे तो आकडा धरून त्याअलीकडचे. शेवटचा ‘ई’ काढून ‘एलटी’ असे लिहिले, तर तो आकडा वगळून त्याअलीकडचे मिळतात. पुढे सीमा देताना हे ‘एलटी’ फार उपयोगी पडते.

आज्ञा लिहून झाल्यावर ओआरएमने तिचे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतील रूप, काय केले, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. क्वेरीसेटच्या, म्हणजे फिल्टरने परत दिलेल्या नोंदसंचाच्या, ‘क्वेरी’ या गुणधर्माला प्रिंट केले, की ते दिसते. वरील पहिल्या आज्ञेत वर्षाची तुलना थेट होत नाही. जँगो तिचे रूपांतर १ जानेवारी २०२४ ते ३१ डिसेंबर २०२४ यांच्या दरम्यान, म्हणजे ‘बिटवीन’ अशा अटीत करतो. याचा लाभ असा, की दिनांक स्तंभावर इंडेक्स, म्हणजे नोंदी लवकर शोधण्यासाठीची सूची, असेल तर डेटाबेसला तो वापरता येतो. महिन्याच्या बाबतीत असे रूपांतर शक्य नसते, कारण सर्व वर्षांचे मार्च एका सलग पट्ट्यात बसत नाहीत. त्यामुळे पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीतून ‘एक्स्ट्रॅक्ट’ या फलनाने (फंक्शनने) महिना काढून त्याची तुलना केली जाते आणि दिनांकावरचा साधा इंडेक्स तेथे निरुपयोगी ठरतो. नोंदी काही हजार असतील तर याची फिकीर करू नये. दर तासाच्या पातळीच्या अनेक वर्षांच्या नोंदी असतील, तर मात्र हा फरक जाणवतो.

वर्षाची हद्द ओलांडणारा हंगाम

सांगली-सातारा भागातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि पुढच्या वर्षीच्या मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणूनच त्याला २०२३-२४ असे जोडवर्षाने संबोधतात. या हंगामाच्या नोंदी काढण्यासाठी, ऊस गाळपाच्या एखाद्या मॉडेलवर, पुढील आज्ञा सहज हातून लिहिली जाते.

गाळप.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(दिनांक__इयर__जीटीई=२०२३, दिनांक__मंथ__जीटीई=१०)

वाचताना ती ‘ऑक्टोबर २०२३ पासून पुढे’ अशी वाटते. पण ती तसे सांगत नाही. वर्षाची अट आणि महिन्याची अट या एकमेकींपासून स्वतंत्रपणे तपासल्या जातात. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ आणि त्यापुढील प्रत्येक वर्षाच्या ऑक्टोबर ते डिसेंबर अशा नोंदी मिळतात, आणि जानेवारी ते मार्च २०२४ हा ऐन गळिताचा काळ पूर्णपणे वगळला जातो, कारण जानेवारीचा आकडा १ हा १० पेक्षा लहान आहे. उत्तरात नोंदी येतात, बेरीजही येते, त्रुटीचा संदेश कोठेही येत नाही. म्हणून ही चूक अहवाल छापून हातात पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. हंगाम हा सलग कालखंड आहे आणि त्याला सीमाच द्यायला हव्यात.

गाळप.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(दिनांक__जीटीई=डेट(२०२३, १०, १), दिनांक__एलटी=डेट(२०२४, ५, १))

शेवटची सीमा ३० एप्रिल अशी न देता १ मे आणि तीही ‘एलटी’ने दिली आहे, याकडे लक्ष द्यावे. महिना तीस दिवसांचा की एकतीस, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, असा विचार या पद्धतीत करावाच लागत नाही. पुढे स्तंभाचा प्रकार बदलून डेटटाइमफील्ड केला, तरी हीच रचना टिकते आणि शेवटचा दिवस हरवत नाही.

आर्थिक वर्षासाठी हेच करावे. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षासाठी जँगोमध्ये तयार लुकअप नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही करू नये. एक छोटे फलन लिहून ते सर्वत्र वापरणे उत्तम.

डेफ आर्थिक_वर्ष(सुरुवात):
    रिटर्न डेट(सुरुवात, ४, १), डेट(सुरुवात + १, ४, १)

पासून, पर्यंत = आर्थिक_वर्ष(२०२४)
सौदा.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(दिनांक__जीटीई=पासून, दिनांक__एलटी=पर्यंत)

‘क्वार्टर’ या लुकअपबाबत येथेच इशारा द्यायला हवा. त्याच्या लेखी पहिली तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च. आपल्या हिशेबात मात्र ती आर्थिक वर्षाची चौथी तिमाही असते. जीएसटीचा किंवा करसल्लागाराला द्यायचा तिमाही अहवाल या लुकअपवर बांधला, तर एप्रिल ते जूनच्या जागी जानेवारी ते मार्चचे आकडे जातील. अशा अहवालांसाठी ‘क्वार्टर’ वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिमाहीच्या सीमा फलनातूनच द्याव्यात.

हळदीच्या व्यवहारात आर्थिक वर्षाची आणखी एक अडचण असते. नव्या हळदीचे सौदे ३१ मार्चच्या अलीकडेही चालू असतात आणि पलीकडेही, त्यामुळे आर्थिक वर्ष एकाच हंगामाचे दोन तुकडे करते. करासाठी हे तुकडे योग्यच आहेत. पण यंदाच्या पिकाला दर कसा मिळाला, हे शेतकऱ्याला सांगायचे असेल तर हंगामाच्या सीमा वेगळ्या ठेवून वेगळी क्वेरी लिहायला हवी. एकाच अहवालाने दोन्ही कामे भागवण्याचा प्रयत्न करू नये.

सण हा तारखेचा भाग नाही

व्यापारी मागील पाडव्याशी यंदाच्या पाडव्याची तुलना मागतो, तेव्हा महिन्याचा लुकअप उपयोगी पडत नाही. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला होता. परिणामी आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये एकही पाडवा आला नाही आणि २०२४-२५ मध्ये दोन आले. ज्या अहवालात पाडव्याच्या खरेदीची वर्षनिहाय बेरीज आर्थिक वर्षाने गट पाडून केलेली असेल, त्यात एका वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी दुप्पट दिसेल, आणि ते पाहून दुकानदार घाबरून जाईल. दिवाळीचेही तसेच आहे : लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होते, तर २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. पंचांगाच्या तिथी ओआरएमला कळत नाहीत. त्यासाठी ‘सण’ नावाचे छोटे मॉडेल करून त्यात सणाचे नाव व प्रत्येक वर्षाची तारीख हाताने भरावी आणि त्या तारखेच्या आधीचे-नंतरचे दिवस सीमांनी निवडावेत. वर्षातून एकदा कॅलेंडर समोर ठेवून चार ओळी भरण्याचे हे काम आहे. ते टाळण्यासाठी क्लृप्त्या शोधू नयेत.

वार आणि आठवडा

वारासाठी ‘वीक_डे’ हा लुकअप आहे आणि त्यात रविवार १, सोमवार २, याप्रमाणे शनिवार ७ असतो. पायथनच्या स्वतःच्या ‘वीकडे’ या फलनात मात्र सोमवार ० आणि रविवार ६ असतो. दोन्हींची नावे जवळजवळ सारखी आणि आकडे निराळे असल्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्यात घातला, की वार सरकतात आणि तरीही उत्तर येत राहते. म्हणून नव्या कामात ‘आयएसओ_वीक_डे’ वापरावा, असे मी सुचवेन. तो जँगो ३.१ पासून उपलब्ध आहे, त्यात सोमवार १ ते रविवार ७ असा क्रम असतो आणि पायथनच्या ‘आयएसओवीकडे’ फलनाशी तो तंतोतंत जुळतो.

वाराचा एक चांगला उपयोग नोंदी तपासण्यासाठी होतो. दुकान रविवारी बंद असते आणि त्या दिवशी सौदे निघत नाहीत असे धरले, तर पुढील आज्ञेचे उत्तर रिकामे यायला हवे.

सौदा.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(दिनांक__आयएसओ_वीक_डे=७)

येथे नोंदी आल्या तर त्या बहुधा तारीख टंकताना झालेल्या चुका असतात. जुन्या वहीतून संगणकावर नोंदी चढवल्यानंतर ही तपासणी अवश्य करावी.

आठवड्याच्या क्रमांकासाठी ‘वीक’ आहे आणि तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने मोजतो. म्हणजे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातील पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो, तो पहिला आठवडा. या मोजणीत ३० डिसेंबर २०२४ चा सोमवार हा २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जातो, आणि १ जानेवारी २०२३ चा रविवार हा २०२२ च्या बावन्नाव्या आठवड्यात. त्यामुळे ‘वीक’च्या जोडीला ‘इयर’ कधीही देऊ नये. त्याच्या जोडीला ‘आयएसओ_इयर’ द्यावा. ‘इयर=२०२४, वीक=१’ असे लिहिले, तर २०२४ च्या जानेवारीतील पहिल्या आठवड्याबरोबर त्याच वर्षीच्या ३० व ३१ डिसेंबरच्या नोंदीही त्यात मिसळतात.

वेळ असलेल्या नोंदी आणि घड्याळाचा प्रश्न

आता पातळीनोंदीकडे वळू. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी त्याच्याही बरेच वर गेले होते. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून विसर्ग वाढला, की नदीकाठची गावठाणे आणि सांगलीतील सखल वस्त्या दर तासाच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. अशा नोंदींत तारीख एका दिवसाने चुकणे ही क्षुल्लक बाब राहत नाही, म्हणून हा भाग सविस्तर मांडत आहे.

जँगोच्या सेटिंग्जमध्ये ‘यूज_टीझेड’ हा पर्याय खरा असेल, आणि जँगो ५.० पासून तो मुळातच खरा असतो, तर पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमधील वेळ ही जागतिक प्रमाणवेळेच्या म्हणजे यूटीसीच्या हिशेबाने हाताळली जाते. भारतीय प्रमाणवेळ त्याच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. समजा, पुलावरील कर्मचाऱ्याने १ ऑगस्टच्या पहाटे २ वाजता पातळी वाचून भरली. यूटीसीनुसार तो क्षण ३१ जुलैच्या रात्री ८ वाजून ३० मिनिटांचा असतो. कच्ची वेळ पाहून महिना काढला, तर ही नोंद जुलैत जाते. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद अशीच आदल्या दिवशी जाऊन बसते.

हे टाळण्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘टाइम_झोन’ची किंमत ‘एशिया/कोलकाता’ अशी असली पाहिजे. नवा प्रकल्प तयार केल्यावर तेथे ‘यूटीसी’ असे लिहिलेले असते. ते बदलणे हे पहिले काम समजावे. एकदा ते केले, की पुढील आज्ञा आपल्या घड्याळाप्रमाणे उत्तर देतात, कारण लुकअप लावण्यापूर्वी जँगो वेळेचे रूपांतर चालू टाइम झोनमध्ये करून घेतो.

पातळीनोंद.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(वेळ__इयर=२०१९, वेळ__मंथ=८)
पातळीनोंद.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(वेळ__डेट=डेट(२०१९, ८, ९))
पातळीनोंद.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(वेळ__अवर=२, फूट__जीटीई=४०)

वर्षाच्या लुकअपमध्ये जँगो सीमाच टाइम झोननुसार ठरवून देतो. महिना, दिवस, तास आणि ‘डेट’ यांत मात्र रूपांतराचे काम डेटाबेसला करावे लागते. पोस्टग्रेसला ते उपजतच येते. मायएसक्यूएल या डेटाबेसला येत नाही. त्याच्या टाइम झोनच्या तक्त्या आधी भराव्या लागतात, आणि लिनक्सवर त्यासाठी ‘मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल’ नावाची आज्ञा असते. त्या तक्त्या रिकाम्या असतील तर रूपांतराचे उत्तर ‘नल’ (रिकामी किंमत) येते आणि महिन्याचा लुकअप एकही नोंद न देता मुकाट्याने परततो. ‘इयर’ने नोंदी मिळतात पण ‘मंथ’ जोडला की सगळ्या नाहीशा होतात, असे लक्षण दिसले तर प्रथम याच तक्त्या तपासाव्यात. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये हे रूपांतर पायथनच्या फलनांतून होते. ते अचूक असते, पण नोंदी लाखांत गेल्या की संथ पडते.

‘रेंज’ या लुकअपबद्दल विशेष सावधगिरी बाळगावी. वेळेच्या स्तंभावर १ ऑगस्ट ते ३१ ऑगस्ट अशा नुसत्या तारखा ‘रेंज’ला दिल्या, तर दोन्ही तारखा मध्यरात्रीच्या शून्य वाजल्या म्हणून धरल्या जातात. परिणामी ३१ ऑगस्टची मध्यरात्र उलटल्यानंतरची एकही नोंद येत नाही आणि महिन्याचा शेवटचा दिवस जवळजवळ पूर्ण गळतो. वर सांगितलेली सीमांची पद्धत येथेही बिनचूक चालते. केवळ सीमांना टाइम झोन जोडावा लागतो.

झोन = झोनइन्फो('एशिया/कोलकाता')
पासून = डेटटाइम(२०१९, ८, १, टीझेडइन्फो=झोन)
पर्यंत = डेटटाइम(२०१९, ९, १, टीझेडइन्फो=झोन)
पातळीनोंद.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(वेळ__जीटीई=पासून, वेळ__एलटी=पर्यंत)

‘झोनइन्फो’ पायथन ३.९ पासून भाषेतच समाविष्ट आहे. मोठ्या तक्त्यावर एका दिवसाच्या नोंदी काढतानासुद्धा ‘डेट’ लुकअपऐवजी हीच रचना वापरावी, कारण ‘डेट’ लुकअप स्तंभाभोवती फलन गुंडाळतो आणि वेळेवरचा इंडेक्स वाया घालवतो.

रात्रीच्या नोंदी निवडताना गळीत हंगामासारखाच पेच पुन्हा समोर येतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी ‘अवर__जीटीई=२२’ आणि ‘अवर__एलटी=६’ या दोन अटी स्वल्पविरामाने जोडल्या, तर एकही नोंद मिळणार नाही, कारण एकच तास एकाच वेळी २२ पेक्षा मोठा आणि ६ पेक्षा लहान असू शकत नाही. येथे मात्र काळ रोज फिरून येणारा आहे, म्हणून सीमा देऊन चालत नाही. ‘किंवा’ वापरावा लागतो; त्यासाठी प्रत्येक अट ‘क्यू’मध्ये घालून मध्ये उभी रेघ द्यावी.

पातळीनोंद.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(क्यू(वेळ__अवर__जीटीई=२२) | क्यू(वेळ__अवर__एलटी=६))

आणखी एक बारीक गोष्ट. सौद्याच्या दिनांकाला आपोआप आजची तारीख द्यायची असेल, तर मूळ किंमत म्हणून जँगोच्या टाइमझोन विभागातील ‘लोकलडेट’ हे फलन द्यावे, ‘नाऊ’ देऊ नये. ‘नाऊ’ यूटीसीमधील क्षण देते आणि त्यातून काढलेली तारीख पहाटेच्या वेळी कालची निघू शकते. आणि सौदा ज्या दिवशी निघाला तो दिनांक, नोंद ज्या क्षणी संगणकावर चढली तो क्षण, आणि पट्टीचे पैसे ज्या दिवशी दिले तो दिनांक, हे तीन वेगवेगळे स्तंभ ठेवावेत. संध्याकाळी सौद्यांची गर्दी असली की नोंदी दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या जातात. तेव्हा नोंदीच्या क्षणावरून सौद्याचा महिना काढणे चुकीचे ठरते.

गट पाडणे : महिना की त्या वर्षीचा महिना

निवडीनंतर बहुधा बेरीज हवी असते. त्यासाठी दोन कुळांतील फलने आहेत. ‘एक्स्ट्रॅक्टमंथ’ तारखेतून ३ हा आकडा काढते. ‘ट्रंकमंथ’ तारीख महिन्याच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे ओढते, म्हणजे १७ मार्च २०२४ चे १ मार्च २०२४ करते. पहिल्याने गट पाडले तर सर्व वर्षांचे मार्च एकत्र येतात. दुसऱ्याने पाडले तर प्रत्येक वर्षाचा मार्च वेगळा राहतो. सुरुवातीला सांगितलेला फिरून येणारा भाग आणि सलग कालखंड हाच भेद येथे पुन्हा दिसतो.

सौदा.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(माल='हळद').अॅनोटेट(महिना=ट्रंकमंथ('दिनांक')).व्हॅल्यूज('महिना').अॅनोटेट(एकूण=सम('क्विंटल')).ऑर्डर_बाय('महिना')

शेवटचा ‘ऑर्डर_बाय’ केवळ दिसण्यासाठी नाही. आधी कोठे दिनांकावर क्रम लावलेला असेल, तर तो दिनांकही गटात शिरतो आणि महिन्याची एक ओळ येण्याऐवजी रोजची एकेक ओळ येते. स्वतःचा ‘ऑर्डर_बाय’ दिला की जुना क्रम निघून जातो.

आर्थिक वर्षाने गट पाडण्यासाठी अट घातलेली किंमत वापरावी : महिना ४ किंवा त्यापुढचा असेल तर तेच वर्ष, नाही तर एक वजा करून.

आर्थिक=केस(व्हेन(दिनांक__मंथ__जीटीई=४, देन=एक्स्ट्रॅक्टइयर('दिनांक')), डिफॉल्ट=एक्स्ट्रॅक्टइयर('दिनांक') - १)

हे ‘अॅनोटेट’मध्ये दिले, की २०२४-२५ च्या सर्व सौद्यांवर २०२४ हा आकडा बसतो आणि वरच्याप्रमाणेच बेरीज करता येते.

एखाद्या मोठ्या तक्त्यावर महिन्याचा लुकअप वारंवार लागत असेल, तर दोन उपाय आहेत. जँगो ३.२ पासून फलनावर आधारित इंडेक्स मॉडेलमध्येच लिहिता येतो, म्हणजे ‘एक्स्ट्रॅक्टमंथ’वर इंडेक्स ठेवता येतो, आणि जँगो ५.० पासून ‘जनरेटेडफील्ड’ वापरून महिना वेगळ्या स्तंभात डेटाबेसकडूनच भरून घेता येतो. दोन्ही उपाय डेटफील्डवर सुखाने चालतात. वेळेच्या स्तंभावर टाइम झोनमुळे ते किचकट होतात. आधी क्वेरीसेटच्या ‘एक्स्प्लेन’ने डेटाबेस काय करतो आहे ते पाहावे आणि गरज दिसली तरच यापैकी काही करावे.

लारावेल ही पीएचपी भाषेतील चौकट वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात : तेथे ‘व्हेअरइयर’, ‘व्हेअरमंथ’, ‘व्हेअरडे’ आणि ‘व्हेअरडेट’ अशा पद्धती आहेत. मात्र तेथील ‘व्हेअरइयर’ वर्षाचे सीमांमध्ये रूपांतर करून देत नाही, म्हणून इंडेक्सचा लाभ हवा असल्यास ‘व्हेअर’नेच दोन सीमा द्याव्यात. पायथनमधील एसक्यूएलअल्केमी या दुसऱ्या ओआरएममध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट’ हे फलन हाताने लिहावे लागते, आणि टाइम झोनचे रूपांतरही आपणच सांगावे लागते.

तपासणी

क्वेरी बरोबर आहे हे महिन्याच्या मधल्या तारखांवरून कधीच सिद्ध होत नाही. चाचणीसाठी मुद्दाम हद्दीवरच्या नोंदी तयार कराव्यात : ३१ मार्च आणि १ एप्रिल, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी, २९ फेब्रुवारी २०२४, एक रविवार, आणि वेळेच्या मॉडेलसाठी १ ऑगस्टची रात्री १२ वाजून १५ मिनिटे व ३१ ऑगस्टची रात्री ११ वाजून ४५ मिनिटे. प्रत्येक नोंद कोणत्या अहवालात आलीच पाहिजे आणि कोणत्या अहवालात येता कामा नये, हे चाचणीत दोन्ही बाजूंनी लिहावे. नुसते ‘आली’ एवढेच तपासले, तर जास्तीच्या नोंदी मिसळल्याचे कळत नाही. ही चाचणी प्रत्यक्ष सर्व्हरवर जो डेटाबेस असेल त्याच डेटाबेसवर चालवावी. आपल्या संगणकावर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर मायएसक्यूएल अशी परिस्थिती असेल, तर घरी सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात आणि सर्व्हरवर टाइम झोनच्या रिकाम्या तक्त्यांमुळे ऑगस्टचा पूर्ण महिना कोरा दिसतो. सर्व्हर बदलला किंवा डेटाबेसची आवृत्ती वाढवली, की १ ऑगस्टची रात्रीची ती एक नोंद घेऊन चाचणी पुन्हा चालवावी, आणि ती पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच उरकावी.